खटका का पडतो?

घरातील विजेचा खटका पडला म्हणजे पहिला हात जातो तो खटका पुन्हा वर करण्याकडे. तो वर राहिला तर प्रकरण तेथेच मिटते. पुन्हा पडला तर घरातील कोणीतरी ‘लोड येत असावा’ असा अभिप्राय देऊन मोकळा होतो, आणि तिसऱ्यांदा पडला म्हणजे वायरमनला बोलावणे जाते. वायरमन येतो, पेटी उघडतो, १६ अँपिअरचा एमसीबी काढून त्या जागी ३२ अँपिअरचा बसवतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. त्या दिवसापासून खटका पडत नाही. घरच्या मंडळींना वाटते की दोष दूर झाला. वास्तविक दोष होता तेथेच असतो. तो असल्याची वर्दी देणारा तेवढा गप्प केलेला असतो. वायरमनला यात फारसा बोल लावता येत नाही. त्याला बोलावलेले असते ते खटका पडू नये म्हणून. तो का पडतो हे शोधण्यासाठी नव्हे.

अलीकडच्या घरांत हा प्रसंग वारंवार आणणारे एक यंत्र म्हणजे ट्रेडमिल. या यंत्राचे कुळ तसे फारसे प्रतिष्ठित नाही. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक मोठे चाक योजले, आणि सक्तमजुरीच्या कैद्यांना तासन् तास त्याच्या पायऱ्या चढाव्या लागत. पुढे १९५२ साली अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात डॉ. रॉबर्ट ब्रूस आणि वेन क्विंटन यांनी विजेवर फिरणारा पट्टा हृदयाच्या तपासणीसाठी उपयोगात आणला. तेथून तो व्यायामशाळांत गेला आणि आता पुण्यामुंबईच्या सदनिकांत, इंदूर-बडोद्याच्या बंगल्यांत आणि दिल्लीच्या सरकारी निवासस्थानांतही येऊन पोहोचला आहे. पुष्कळ घरांत तो हौसेने येतो व कपडे वाळत घालण्याची जागा होऊन राहतो, ही गोष्ट वेगळी. पण ज्याला हृदयविकारानंतर किंवा मधुमेहासाठी डॉक्टरांनी रोज नेमाने चालावयास सांगितले आहे, आणि पावसामुळे, रहदारीमुळे किंवा गुडघ्यांमुळे ज्याला बाहेर पडणे कठीण आहे, त्याच्या दृष्टीने हे यंत्र ही चैन नव्हे. चालता चालता वीज गेली की पट्टा थांबतो, शरीर मात्र पुढे जाऊ पाहते. साठी-सत्तरीच्या माणसाला हा झटका परवडणारा नसतो. यंत्राचा दोष शोधून काढेपर्यंत निदान कठड्याला धरून आणि सावकाश चालावे, एवढे पथ्य तरी सांभाळलेच पाहिजे.

आता थोडा हिशेब. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. जाहिरातीत छापलेली ३ किंवा ४ अश्वशक्ती ही पुष्कळदा मोटारीची क्षणिक कमाल शक्ती असते. अखंड चालण्याची शक्ती तिच्यापेक्षा बरीच कमी असते. घरगुती ट्रेडमिलची अखंड शक्ती २ अश्वशक्ती धरली तर ती सुमारे १५०० वॅट होते, आणि २३० व्होल्टच्या दाबाला तिच्यासाठी साडेसहा अँपिअर प्रवाह लागतो. मोटर आणि तिचे नियंत्रण करणारे विद्युत्मंडळ यांत वाया जाणारी शक्ती जमेस धरली, तर पूर्ण भाराच्या वेळी हा आकडा ८ ते १० अँपिअरपर्यंत जाईल. सपाटीवर सावकाश चालताना तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. याचा अर्थ उघड आहे. निरोगी ट्रेडमिलने, स्वतंत्र तारेवरचा १६ अँपिअरचा निरोगी एमसीबी पाडता कामा नये. पाडत असेल तर यंत्र, तार, जोडणी किंवा तो खटका स्वतः, यांपैकी कशात तरी काहीतरी बिनसलेले आहे.

ते कशात, हे कळण्यासाठी पेटीतले पहारेकरी कोण आहेत आणि ते कशावर पहारा ठेवतात हे आधी समजून घेतले पाहिजे. जुन्या घरांत चिनी मातीच्या फ्यूजमध्ये एक बारीक तार असे. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती वितळे, आणि घरातील कर्ते पुरुष मेणबत्तीच्या उजेडात नवी तार गुंडाळीत बसत. तिची जागा घेणाऱ्या एमसीबीच्या पोटात दोन निरनिराळ्या यंत्रणा असतात. एक आहे दोन धातू एकमेकांना चिकटवून केलेली पट्टी. प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नसल्याने वाकते, आणि पुरेशी वाकली की खटका सोडते. हिचे काम सावकाश चालते. दुसरी यंत्रणा आहे तारेचे एक वेटोळे. प्रवाह एकाएकी फार वाढला की ते चुंबक बनून सेकंदाच्या एका लहानशा अंशात खटका ओढते. पहिली यंत्रणा अतिभार ओळखते, दुसरी शॉर्टसर्किट.

पहिलीची संथ चाल आकड्यांत पाहण्यासारखी आहे. मान्य प्रमाणांनुसार १६ अँपिअरच्या एमसीबीने १८ अँपिअरचा प्रवाह तासभर न पडता सोसला पाहिजे, आणि २३ अँपिअरच्या थोडा पुढे प्रवाह गेला तर तासाभराच्या आत पडलेच पाहिजे. या दोहोंच्या मधला प्रदेश म्हणजे दोन गावांच्या शिवेवरील पडीक जमीन आहे. तेथे कोणाचाच कायदा चालत नाही. १९-२० अँपिअर प्रवाहाला एखादा एमसीबी अर्ध्या तासाने पडेल, दुसरा दीड तासाने, तिसरा पडणारच नाही. ‘कधी पडतो, कधी पडत नाही’ ही जी सार्वत्रिक तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते. त्यात खटका भुताळी झालेला नसतो. भार त्या मधल्या प्रदेशात येऊन बसलेला असतो.

दुसरा पहारेकरी आरसीसीबी. जुन्या सवयीने लोक त्याला ईएलसीबीही म्हणतात. प्रवाह किती वाहतो याच्याशी याला कर्तव्य नाही. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह घरात गेला तेवढाच न्यूट्रलच्या तारेने परत आला की नाही, एवढेच तो पाहतो. या दोन्ही तारा त्याच्या आत एका लोहचुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडून टाकतात. काही प्रवाह मधेच एखाद्या वाटेने जमिनीत गेला, तर बाकी उरते आणि त्या बाकीने खटका पडतो. घरगुती आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो. एवढ्याशा प्रवाहावर ९ वॅटचा एलईडी दिवासुद्धा धड पेटणार नाही. इतका बारीक हिशेब ठेवण्याचे कारण माणसाच्या देहात आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रा. चार्ल्स डॅल्झील यांनी विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हातातील तार सोडता येण्याची मर्यादा प्रयोगांनी मोजली. पुरुषांत ती सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअर भरली. त्याच्यावर गेले की स्नायू आवळतात आणि हात सुटत नाही. घामेजल्या हातांनी धातूचा कठडा धरून चालणाऱ्या माणसाचा खरा रक्षक एमसीबी नसून आरसीसीबी आहे, तो यामुळेच.

म्हणून पहिला प्रश्न असा की, पडला तो कोणता? पेटीचे दार उघडून पाहिल्याशिवाय वीज पूर्ववत् करू नये. आरसीसीबीवर चाचणीचे एक लहान बटण असते, त्यावरून तो ओळखू येतो. काही ट्रेडमिलना विजेची दोरी जेथे शिरते तेथे स्वतःचेही एक लहानसे बटण असते. अतिभार झाला की ते बाहेर येते. तेवढेच बाहेर आले असेल तर घराच्या तारांवर संशय घेण्याचे कारण नाही. दुसरा प्रश्न, तो केव्हा पडला? प्लगचे बटण दाबताक्षणी, पट्टा सुरू होताना, माणूस वर चढल्यावर, की वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर? वैद्य जसा ताप केव्हा चढतो हे विचारतो, तसाच हा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर वायरमनपेक्षा घरच्या माणसांनाच अधिक नीट देता येते. आठवडाभर एका कागदावर वेळ, वेग आणि त्या वेळी घरात आणखी काय चालू होते हे टिपून ठेवले, तर अर्धे निदान तेथेच होते.

बटण दाबताक्षणी एमसीबी पडत असेल तर बहुधा प्रवाहाच्या पहिल्या उसळीचा तो परिणाम असतो. बहुतेक घरगुती ट्रेडमिलची मोटर एका दिशेने वाहणाऱ्या, म्हणजे डीसी प्रवाहावर चालते. घरात येणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करणारा. तो आधी एकदिश करून मोठ्या कपॅसिटरांत साठवावा लागतो. रिकामा कपॅसिटर विजेला जोडला की, कोरडा रांजण जसा पहिल्या घागरी गटकन् पितो तसा तो काही सहस्रांश सेकंद प्रचंड प्रवाह ओढतो. ही उसळी थोपवण्यासाठी चांगल्या यंत्रांत सोय केलेली असते. ती नसली किंवा बिघडली की चुंबकाचे वेटोळे फसते आणि शॉर्टसर्किट समजून खटका ओढते. येथे एमसीबीच्या तोंडावरील अक्षराला महत्त्व येते. त्याच्यावर ‘बी १६’ किंवा ‘सी १६’ असे छापलेले असते. १६ हा आकडा तारेला सोसेल अशा अखंड प्रवाहाचा. अक्षर आहे ते उसळी सोसण्याच्या ताकदीचे. बी जातीचा एमसीबी आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहाला तत्काळ पडतो, सी जातीचा ५ ते १० पट. म्हणजे ‘बी १६’ हा ५० अँपिअरच्या उसळीलाही पडू शकेल, ‘सी १६’ मात्र निदान ८० पर्यंत तत्काळ हलणार नाही. मोटारीच्या यंत्रासाठी बी काढून सी घालणे हा रास्त उपाय आहे; खरा दोष झाला असता त्या तारेतून सी पडण्याइतका प्रवाह वाहू शकतो, एवढे मात्र वायरमनने मोजून पाहिले पाहिजे. अक्षर बदलावे, आकडा बदलू नये. १६ च्या जागी ३२ घातल्यावर भिंतीतील तीच २.५ चौरस मिलिमीटरची तार २८-३० अँपिअर प्रवाह दिवसेंदिवस वाहील आणि कोणी हूं की चूं करणार नाही. प्रवाह दीडपट झाला की तारेतील उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. आणि तारेवरचे साधे पीव्हीसीचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. ते भिंतीच्या आत, नळीमध्ये, कोणाला न दिसता करपत राहते.

नवे यंत्र नसून जुनेच एकाएकी पहिल्या क्षणाला खटका पाडू लागले, आणि सी जातीचा एमसीबीही पाडू लागले, तर तो उसळीचा प्रकार नव्हे. नियंत्रक मंडळातील एखादा भाग जळून तेथे शॉर्टसर्किट झालेले असते. ते काम यंत्र दुरुस्त करणाऱ्याचे. मोटारीवरील झाकण घरच्या माणसाने उघडू नये; प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरांत काही मिनिटे वीज शिल्लक राहते.

काही वेळ चालल्यावर एमसीबी पडत असेल तर तो द्विधातूच्या पट्टीचा, म्हणजे अतिभाराचा निर्णय असतो. त्या वेळी प्रथम तो एमसीबी खाली करून घरात आणखी काय काय बंद पडते ते पाहावे. सदनिकांमध्ये बांधणाऱ्याने तार वाचवण्यासाठी दोन-तीन खोल्यांचे पॉवर प्लग एकाच तारेवर ओवलेले असतात. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. ट्रेडमिलचे ९ धरले की बेरीज १८ च्या आसपास जाते. तेवढ्यात कोणी इस्त्री लावली तर आणखी चार. सकाळी सहा ते आठ ही वेळ स्नानाचीही आणि व्यायामाचीही असल्याने हा संगम नेमका तेव्हाच होतो, आणि दुपारी वायरमन येऊन पाहतो तेव्हा सारे ठाकठीक असते! उन्हाळ्याचीही यात भर पडते. एमसीबीचा आकडा ३० अंश तपमान धरून ठरवलेला असतो. नागपुरास किंवा दिल्लीस मे महिन्यात, बंद पेटीत, तापलेल्या इतर एमसीबींच्या शेजारी बसलेली ती पट्टी आधीच अर्धवट वाकलेली असते. हिवाळाभर न पडलेला खटका वैशाखात पडू लागला तर यंत्राला दोष देण्यापूर्वी या गोष्टीचा विचार करावा.

परंतु तारेवर दुसरे काहीच नसताना खटका पडत असेल तर मात्र नजर ट्रेडमिलच्या पट्ट्याकडे वळवली पाहिजे. या यंत्राचे सर्वांत उपेक्षित अंग ते हेच. माणूस पट्ट्यावर चालतो असे दिसते; वस्तुतः तो पट्ट्याखालच्या फळीवर उभा असतो आणि त्याच्या पायाखालून पट्टा ओढून काढला जात असतो. पाऊल पडते त्या क्षणी माणसाचे सगळे वजन पट्ट्याला फळीवर दाबून धरते, आणि मोटारीला तो दाबलेला पट्टा ओढावा लागतो. मोटारीचा सारा जन्म या घर्षणाशी झगडण्यात जातो म्हटले तरी चालेल. हे घर्षण कमी राहावे म्हणून पट्टा आणि फळी यांच्यामध्ये सिलिकॉन तेलाचा पातळ थर असावा लागतो. तो काही महिन्यांत उडून जातो, त्यात धूळ मिसळते, पट्ट्याची खालची बाजू आणि फळीचा गुळगुळीत थर खरवडू लागतात. घर्षण दुप्पट झाले म्हणजे त्याच वेगासाठी त्यावर खर्च होणारी शक्तीही दुप्पट होते. मोटर ती मुकाट्याने घेत राहते. चालणाऱ्याला काही कळत नाही. कळते ते फक्त एमसीबीला.

याची लक्षणे घरच्या माणसाला ओळखता येतात. रिकामा पट्टा सुरळीत फिरतो, माणूस चढला की प्रत्येक पावलागणिक किंचित अडखळतो. वजनदार माणूस चालला तर खटका पडतो, हलका चालला तर पडत नाही. चालून झाल्यावर फळीपाशी हात नेला तर नेहमीपेक्षा गरम लागते, कधी रबर जळल्यासारखा वास येतो. प्लग काढून ठेवून पट्ट्याची कड उचलावी, बोटे आत सरकवून पाहावीत. बोटांना तेलाचा ओशटपणा लागला नाही तर पट्टा कोरडा आहे. तेल घालावयाचे ते सिलिकॉनचेच, यंत्राच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेवढेच, आणि मध्यभागी, जेथे पावले पडतात तेथे. खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा गंज काढण्याचा फवारा वापरू नये. ही तेले पट्ट्याचे थर फुगवतात किंवा चिकट होऊन धूळ धरतात, आणि आपल्याकडे हाताशी असते ते नेमके यांतलेच एखादे. पट्टा अति ताणलेला असला तरी रोलरांच्या बेअरिंगांवर भार येतो. मधोमध धरून दोन-तीन इंच उचलता येईल इतपत तो सैल असावा. तेल घालूनही फरक पडला नाही तर फळी झिजली आहे असे समजावे; काही यंत्रांत ती उलटवून दुसरी बाजू वापरण्याची सोय असते.

फरक पडला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. क्लॅम्प मीटर नावाचे चिमट्यासारखे उपकरण वायरमनजवळ असते. तारेभोवती नुसते धरले की प्रवाह दाखवते. ते पूर्ण दोरीभोवती धरून उपयोग नाही, कारण जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांना खोडतात आणि काटा शून्यावर राहतो. हेच आरसीसीबीचे तत्त्व, फक्त येथे ते आड येते. फेजची एकटी तार चिमट्यात धरावी, ठरावीक वेगाला तोच माणूस चालवावा, आणि तेल घालण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा लिहून घ्यावा.

पडला तो आरसीसीबी असेल तर सगळी विचारसरणी बदलावी लागते. येथे तेल, वजन, वेग यांचा संबंध बहुधा नसतो. कोठेतरी वीज जमिनीची वाट धरते आहे, आणि ती वाट शोधावयाची असते. ट्रेडमिलच्या बाबतीत अशा वाटा ठरलेल्या आहेत. यंत्र घडी करताना किंवा चढ देणारी यंत्रणा खाली येताना दोरी तिच्याखाली चिरडली जाते. चालणाऱ्याचा घाम पुढच्या झाकणाच्या फटीतून मोटारीवर ठिबकतो. डीसी मोटारीचे कार्बन ब्रश झिजतात आणि त्यांची काळी भुकटी आत साचते. कार्बन हा विजेचा वाहक असल्याने ती भुकटी ब्रशपासून मोटारीच्या सांगाड्यापर्यंत एक काळा पूलच बांधते. मुंबईत किंवा कोकणात, बाल्कनीत ठेवलेले यंत्र पावसाळ्यात दमट होते आणि आठ दिवसांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी आरसीसीबी पाडते. उंदीरही या बाबतीत मागे नाहीत. मोटारीचे झाकण म्हणजे त्यांना उबदार घर.

कधी कधी मात्र दोष कोणा एकाचा नसतो. ट्रेडमिलच्या नियंत्रकात गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात त्यांतून निरोगी अवस्थेतही दोन-तीन मिलिअँपिअर प्रवाह अर्थिंगच्या तारेत जातो. संगणक, धुलाईयंत्र, मायक्रोवेव्ह यांचेही थोडे थोडे असतेच. सगळ्या घराला मिळून एकच आरसीसीबी असेल तर ही सारी चिल्लर त्याच्यापाशी जमा होते. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे केव्हाही पडण्यास मोकळा असतो. ट्रेडमिल ही तेथे उंटाच्या पाठीवरची शेवटची काडी ठरते. अशा वेळी तिच्या तारेला वेगळा आरसीसीबी देणे हा प्रामाणिक उपाय होय. नव्या तऱ्हेच्या नियंत्रकांतून गळणारा प्रवाह एकदिश अंश असलेला असतो; त्यासाठी साध्या ‘एसी’ जातीपेक्षा ‘ए’ जातीचा आरसीसीबी योग्य.

सर्वांत चकवणारा प्रकार न्यूट्रलचा. ट्रेडमिलचे बटण बंद आहे, कोणी तिच्या जवळपासही नाही, आणि दुसऱ्या खोलीत गीझर लावला की आरसीसीबी पडतो. मंडळी साहजिकच गीझरवर संशय घेतात. आपल्याकडील प्लगच्या बटणाने फक्त फेज तुटतो. न्यूट्रल यंत्राला जोडलेलाच राहतो. यंत्राच्या आत न्यूट्रलची तार सांगाड्याला टेकलेली असेल, तर गीझरचा परत येणारा प्रवाह त्या वाटेनेही थोडा जमिनीत जातो आणि हिशेबात तूट येते. म्हणून आरसीसीबीचा दोष शोधताना बटणे बंद करून भागत नाही. सर्व प्लग प्रत्यक्ष उपसून काढावे लागतात, आणि मग एकेक लावून पाहावे लागते. सगळे प्लग काढूनही तो पडत असेल तर दोष भिंतीतल्या तारांचा. त्यातही घरात बॅटरीचा इन्व्हर्टर मागाहून बसवलेला असेल तर तेथे आधी पाहावे. घाईत एका तारेचा न्यूट्रल दुसरीशी जोडलेला असणे ही नित्याची गोष्ट आहे. ट्रेडमिल इन्व्हर्टरच्या तारेवर मुळीच असू नये. घरगुती इन्व्हर्टरला तो भार पेलणारा नव्हे. यंत्राच्या आवरणाची परीक्षा वायरमन ५०० व्होल्टच्या मेगरने करतो. त्या वेळी फेज व न्यूट्रल एकत्र बांधून ते आणि अर्थ यांच्यामध्येच मेगर लावला पाहिजे. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये लावला तर नियंत्रकाचे नाजूक भाग जळण्याची भीती असते.

आरसीसीबी पडू नये म्हणून एक उपाय सर्रास केला जातो, आणि तो ३२ च्या एमसीबीहूनही घातक आहे. प्लगची जाड अर्थिंग पिन काढून टाकतात, किंवा आतील हिरवी तार तोडतात. गळणाऱ्या विजेला जमिनीची वाट उरत नाही, हिशेब बरोबर येतो, खटका पडत नाही. मात्र यंत्राचा सांगाडा आता विजेखाली असतो, आणि जमिनीची वाट होण्यासाठी तो कोणाच्या तरी अनवाणी, घामेजल्या देहाची प्रतीक्षा करीत राहतो. त्या क्षणी आरसीसीबी पडेलही. पण तो चालू स्थितीत असला तर. आरसीसीबीलाच बगल देऊन तार जोडलेली असेल तर तेवढाही आधार नाही.

एका दोषाची वर्दी मात्र या दोघांपैकी कोणीच देत नाही. प्लग सॉकेटमध्ये सैल बसत असेल तर त्या सांध्यावर ठिणग्या होतात, तो तापतो, प्लास्टिक पिवळे पडते. पण प्रवाह वाढत नाही आणि जमिनीतही जात नाही, म्हणून एमसीबी व आरसीसीबी दोघेही स्वस्थ असतात. ट्रेडमिलच्या मोठ्या पिनांचा प्लग छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवण्यासाठी बाजारात जे जोड मिळतात, आणि पलंगाखालून नेलेले जे बारीक तारेचे एक्स्टेन्शन बोर्ड असतात, त्यांची हीच गत होते. वीस मिनिटे चालून झाल्यावर प्लग काढून त्याच्या पिनांजवळ हात न्यावा. चटका बसण्याइतक्या त्या तापल्या असतील तर यंत्र त्या सॉकेटवर पुन्हा लावू नये.

ज्या घरात ट्रेडमिल रोज चालावयाची आहे तेथे पेटीपासून तिच्यापर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची, अंतर लांब असेल तर ४ ची, स्वतंत्र तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट, ‘सी १६’ एमसीबी आणि शक्य तर स्वतंत्र आरसीसीबी एवढे करून घ्यावे. दोन वायरमनांचे ते दिवसभराचे काम आहे. भिंत फोडावयाची नसेल तर तार प्लास्टिकच्या पट्टीतून वरूनही नेता येते. काम संपल्यावर वायरमनला जाऊ देण्यापूर्वी आरसीसीबीचे चाचणीचे बटण त्याच्यासमोर दाबून तो पडतो हे पाहावे, ट्रेडमिलवर नेहमीचा माणूस नेहमीच्या वेगाने चालवून क्लॅम्प मीटरचा आकडा घ्यावा, आणि तो तारखेसह पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवावा. पुढल्या खेपेस खटका पडेल तेव्हा त्या आकड्याशी ताडून पाहता येईल.